शंभर भोकांचा पुठ्ठा

मित्रांनो, मी एक जुना करडा पुठ्ठा आहे. लांबीरुंदी वहीच्या पानाएवढी, जाडी दोन नाण्यांएवढी. माझ्या अंगावर शंभर भोकं आहेत. ती कसरीनं खाल्लेली नाहीत की उंदरानं कुरतडलेली नाहीत. एका शहाण्या माणसानं पट्टी लावून, पेन्सिलीनं खुणा करून, हातोडीनं ठोकून ती पाडली आहेत. आपली हकीकत सांगणाऱ्या वस्तू बहुधा सोशिक असतात. आम्ही झिजलो, तुटलो, पण आमची काही तक्रार नाही, असं म्हणून त्या मोकळ्या होतात. माझी तक्रार आहे. मला राग आला आहे आणि तो गिळून टाकायचा माझा विचार नाही.

माझा जन्म कागदाच्या कारखान्यात झाला. रद्दी भिजवून, तिचा लगदा करून, दाबून मला बनवलं. मग माझ्यासारख्या पन्नास भावंडांसह मी एका बाइंडरच्या दुकानात येऊन पडलो. हा बाइंडर म्हणजे कामाला पक्का माणूस. हजेरीची रजिस्टरं, पावतीपुस्तकं, विद्यार्थ्यांचे प्रबंध, सगळं त्याच्या हातून जायचं. त्यानं कापलेला पुठ्ठा कधी तिरका निघाला नाही. चुकून केसाएवढा फरक पडला तरी तो पुन्हा कापायला घ्यायचा. माझी भावंडं अशी एकेक करून पुस्तकांची पाठ राखायला निघून गेली. मलाही तेच हवं होतं. एखाद्या जाडजूड शब्दकोशाचं मागचं कव्हर व्हावं, कापडाचा कोट चढावा, एवढीच माझी अपेक्षा होती.

पण त्या वर्षी बाइंडरच्या मुलीला मोठ्या शाळेत घालायचं ठरलं. ही शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथं प्रवेशपरीक्षा होती आणि चाळीस जागांसाठी पोरं हजारावर बसायची. एकदा आत शिरलं की शेवटच्या वर्गापर्यंत बघायला नको, असं सगळे म्हणायचे. मुलगी दहा वर्षांची. घरात तिला मुंगी म्हणत, कारण ती सारखी काहीतरी ओढून नेत असायची आणि एका जागी ठरत नसायची. शिकवणीला पाठवायचं नाही, घरीच तयारी करून घ्यायची, असं बाइंडरनं जाहीर केलं. "बाहेरचे काय शिकवणार? मी आहे ना," तो म्हणाला. हे वाक्य मी दुकानातल्या फळीवरून ऐकलं आणि मला ते आवडलंसुद्धा. तेव्हा मी कोरा होतो आणि मला अक्कल नव्हती.

परीक्षेत शंभर प्रश्न असायचे. प्रत्येकाला चार पर्याय, अ ब क ड. उत्तराच्या कागदावर चार-चार गोल छापलेले, त्यातला बरोबर तो पेन्सिलीनं काळा करायचा. पहिला सराव पेपर बाइंडरनं रविवारी घेतला आणि तपासता तपासता त्याची मान आखडली. एक डोळा उत्तरांच्या यादीवर, एक कागदावर. तीनदा मोजले तर तीन वेगळे आकडे आले. तसं त्याच्यातल्या कारागिराला एक कल्पना सुचली. त्यानं मला फळीवरून काढलं, उत्तराच्या कागदावर ठेवलं आणि बरोबर उत्तराच्या गोलावर येईल तिथं तिथं भोक पाडलं. आता मला कागदावर ठेवायचं आणि भोकांतून किती काळे ठिपके दिसतात ते मोजायचं. दोन मिनिटांत पेपर तपासून व्हायचा.

शंभर भोकं पाडायला त्याला अख्खी दुपार लागली. मी जाड आहे, मऊ पडत नाही. त्याचं मनगट सुजलं. पण काम झाल्यावर त्यानं मला उजेडासमोर धरलं आणि स्वतःवर एवढा खूश झाला की विचारू नका. दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला तो मला दाखवायचा आणि पेपर असला की मला घरी न्यायचा. कागद पुरवणारा कागदवाला यायचा, तो तर मला हातात घेऊन म्हणाला, "शेठ, डोकं आहे हं तुम्हाला." मीही फुगलो. खोटं कशाला बोलू?

आणि मग त्यानं ती चूक केली. असली चूक करायला कामात मुरलेला माणूसच लागतो, कारण गबाळा माणूस एवढं सुबक हत्यार मुळात बनवणारच नाही. दुसरा पेपर काढताना त्याच्या लक्षात आलं की प्रश्न बदलले की उत्तरं बदलणार, म्हणजे नवा पुठ्ठा घ्या, पुन्हा शंभर भोकं पाडा. मनगट अजून दुखत होतं. शिवाय एवढा झकास पुठ्ठा एका पेपरापुरता? त्यानं तोड काढली. गाइडातून नवा प्रश्न घ्यायचा, आणि त्याचे चार पर्याय अशा क्रमानं लिहायचे की बरोबर उत्तर माझ्याच भोकाखाली येईल. सातव्या प्रश्नाचं भोक 'क'वर आहे ना, मग उत्तर 'क'मध्ये घालायचं. प्रश्न दर वेळी नवे, पण उत्तरांच्या जागा त्याच. त्याला यात काही वावगं दिसलं नाही. उलट आपण किती वेळ वाचवला, याचंच समाधान.

असे साठ पेपर त्यानं काढले. साठच्या साठ माझ्या भोकांच्या मापाचे.

मित्रांनो, सुरुवातीची मुंगी मला चांगली आठवते. ती प्रश्न वाचायची आणि प्रश्नालाच प्रश्न विचारायची. एक गवंडी एक भिंत सहा दिवसांत बांधतो, तर सहा गवंडी ती किती दिवसांत बांधतील? मुंगीनं विचारलं, "भिंत केवढी आहे? सहाजणांना उभं राहायला जागा आहे का तिथं?" बाइंडर म्हणाला, "परीक्षेत असले फाटे फोडायचे नसतात. उत्तर काळं कर आणि पुढे चल." त्या पेपरात तिला एकेचाळीस मिळाले. ते एकेचाळीस तिचे स्वतःचे होते. एकेका ठिपक्यामागे तिनं डोकं खाजवलेलं मी पाहिलं होतं. पण एकेचाळीस ऐकून घरातली हवाच गेली. आई दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची, दिवसभर लोकांची बोलणी ऐकून यायची. ती एवढंच म्हणाली, "होईल गं." बाइंडरनं तो कागद घडी करून खिशात घातला, आणि ते जास्त लागलं.

आठव्या-नवव्या पेपराच्या सुमारास मला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. मुंगी अडली की तिची पेन्सिल आपोआप एका गोलाकडे जायची आणि तो गोल नेमका माझ्या भोकाखालचा असायचा. तिनं काही पाठ केलं नव्हतं. तुम्हाला घरचा जिना अंधारातही चढता येतो ना, तसंच तिच्या हाताला ते येत गेलं. गुण बावन्न झाले, मग साठ, मग एकदम एकाहत्तर. एक दिवस तिनं मुद्दाम पंचवीस प्रश्न न वाचताच त्यांचे गोल काळे केले. मला वर ठेवल्यावर पंचवीसच्या पंचवीस ठिपके दिसले. बाइंडर खूश झाला. मुंगीचा चेहरा उतरला. तिला काय चाललंय ते कळलं होतं.

आता नीट ऐका, कारण माझा खरा राग इथून सुरू होतो. ती गप्प बसली नाही. त्याच संध्याकाळी ती दुकानात आली. बाइंडर पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत होता. ती म्हणाली, "बाबा, उत्तरं तीच तीच येतात."

बाइंडरनं वरसुद्धा पाहिलं नाही. "सोपं वाटायला लागलं ना? तेच तर हवं होतं मला."

"सोपं नाही हो. तीच येतात."

"सराव म्हणतात त्याला. जा, हातपाय धू."

मी फळीवर होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. शंभर भोकं पाडून दिलीत, एक तोंड तेवढं द्यायचं राहिलं. मुंगीनं घरी जाऊन आईलाही सांगितलं, हे मला नंतर कळलं. आई भांडी घासत होती. नळ चालू होता. "बाबांना विचार," ती म्हणाली. झालं, संपलं. दोन मोठी माणसं, चार कान, आणि पोरीचं एक वाक्य कुणाच्या कानात शिरेना.

मग मुंगीनं वेगळा उपाय केला. तिला आता शंभरपैकी शंभर सहज मिळाले असते, पण ती प्रत्येक पेपरात दोन उत्तरं मुद्दाम चुकवायची. मला वाटलं, संशय येऊ नये म्हणून करत असेल. तसं नव्हतं. पेपर सोडवून झाला की ती उरलेल्या वेळात प्रश्न वाचत बसायची, आणि जे दोन खरोखर कळले नाहीत ते चुकवून ठेवायची. चुकले तर बाबा समजावून सांगतील, ही तिची आशा. एवढीशी पोर, पण विचारायची वाट कशी शोधून काढली पाहा. आणि बाइंडरनं काय केलं? "अठ्ठ्याण्णव? हे दोन कसे चुकले? निष्काळजीपणा. बरोबर उत्तर दहा वेळा लिही." तिनं दहा वेळा लिहिलं. समजावून कुणीच सांगितलं नाही. हे असं पाच महिने चाललं, आणि ते आठवलं की आजही माझ्या कडा ताठ होतात.

बाहेर मात्र कौतुकाला पूर आला होता. काकाला फोन झाला, शेजाऱ्यांना सांगून झालं, दवाखान्याच्या खिडकीवर कळलं. आईनं नव्या शाळेचा गणवेश कुठं मिळतो त्याची चौकशीसुद्धा केली. मुंगी पाहुण्यांसमोर मान खाली घालून उभी राहायची आणि सगळे म्हणायचे, किती नम्र आहे. नम्र कसली, ती घाबरली होती. मला एक माहीत आहे. मला कागदावर ठेवलं की फक्त भोकांपुरतं दिसतं, बाकी सगळा कागद झाकला जातो. बाइंडरनं मला कागदावर ठेवलं ते ठीकच होतं, पण हळूहळू तो मुलीकडेही माझ्या भोकांतूनच बघायला लागला.

परीक्षेला बारा दिवस उरले तेव्हा मुंगीची मावशी आली. ती गाडी चालवायला शिकवायची. आवाज मोठा, हसणं मोठं. तिच्याकडे शिकणाऱ्या एकानं तिला त्या शाळेचा तीन वर्षांपूर्वीचा खराखुरा छापील पेपर दिला होता. "चल गं मुंगे, हा सोडव. भाऊजी, आज मी तपासणार," ती म्हणाली. तिच्याजवळ उत्तरांची वेगळी यादी होती. त्या दिवशी मी नुसता टेबलाच्या कडेला पडून होतो.

मुंगीनं पहिला प्रश्न वाचला. दुसरा वाचला. या पेपराला माझी भोकं लागू नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण तयारीच्या आठ महिन्यांतले शेवटचे पाच महिने तिला प्रश्न वाचून उत्तर शोधायचं कामच पडलं नव्हतं. ओळ अर्ध्यात आली की नजर घसरायची आणि पेन्सिल आपल्या सवयीच्या गोलाकडे जायची. ती खोडायची, पुन्हा वाचायची. तिनं कागद खोडून खोडून पातळ केला. वेळ संपली तेव्हा तिसांवर प्रश्न तसेच राहिले होते. मावशीनं तपासलं. एकतीस.

मावशीनं आकडा हळू सांगितला. बाइंडरनं तो मोठ्यानं म्हटला. "एकतीस? घरी अठ्ठ्याण्णव आणि इथं एकतीस? लक्ष कुठं होतं तुझं? मावशी आली म्हणून मस्ती सुचली? उद्यापासून खेळ बंद. रोज दोन पेपर." तो बोलतच राहिला. आपण तिच्यासाठी रक्त आटवलं, मनगट सुजवलं, लोकांना काय तोंड दाखवायचं, सगळं काढलं. आई मध्ये पडली तर तिलाही बोलला. मी लाकूड असतो तर त्याच्या पायावर पडलो असतो. पुठ्ठ्याचं वजन ते किती!

मुंगी रडली नाही. तिनं उत्तराचा एक कोरा कागद घेतला, टेबलाशी बसली आणि गोल काळे करायला लागली. समोर प्रश्नपत्रिका नव्हती. काहीच नव्हतं.

"अगं, पेपर कुठाय? प्रश्न कुठायत?" बाइंडर म्हणाला.

तिनं भराभर शंभर गोल काळे केले. मग मला उचललं, कागदावर कडेला कड लावून नीट ठेवलं आणि ती म्हणाली, "मोजा."

त्यानं मोजले. शंभर. एकही भोक रिकामं नव्हतं. मावशीनं पुन्हा मोजले, शंभरच. मग मावशी सावकाश म्हणाली, "माझ्याकडे एक गृहस्थ होते. मैदानात गाडी झकास चालवायचे. चिंचेपाशी डावीकडे, दगडापाशी उजवीकडे. रस्त्यावर आणलं तर म्हणाले, चिंच कुठं आहे?" कुणी हसलं नाही.

"म्हणजे इतके दिवस तू आम्हाला फसवत होतीस?" बाइंडरनं विचारलं. मित्रांनो, एवढं झाल्यावरही त्याच्या तोंडून हेच आलं.

"मी सांगितलं होतं," मुंगी म्हणाली. "उत्तरं तीच तीच येतात म्हणून. तुम्ही खळ ढवळत होतात."

आईनं ओला हात पदराला पुसला. "मलाही सांगितलं होतं तिनं. मी नळ बंद केला नाही," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

पुढचे बारा दिवस मला कुणी हात लावला नाही. बाइंडर दुकान लवकर बंद करून यायचा आणि दोघं मावशीनं आणखी मिळवलेले छापील पेपर घेऊन बसायची. आता तो एकेक प्रश्न वाचायचा, आणि तेव्हा त्याला कळलं की कितीतरी प्रश्न आपल्यालाही येत नाहीत. दोघं भांडायची, आकृत्या काढायची, खोडायची. मुंगीला अडतीस मिळाले, मग सत्तेचाळीस, शेवटी छप्पन्न. बारा दिवसांत एवढं झालं. मग आठ महिन्यांत काय झालं असतं, याचा हिशेब मी करत बसतो आणि माझं डोकं फिरतं.

परीक्षा झाली. यादी लागली. मुंगीचा नंबर यादीत नव्हता. तुम्ही म्हणाल, हजार पोरांत चाळीस, त्यात काय एवढं? कबूल. कदाचित तयारी नीट झाली असती तरी तिचा नंबर लागला नसता. कदाचित लागला असता. आता ते कुणालाच कधी कळणार नाही. तिच्या हक्काचं ते कळणं या घरानं माझ्यासारख्या एका पुठ्ठ्याखाली दाबून टाकलं.

आणि बाइंडर लोकांना काय सांगत होता? "त्या दिवशी तिच्या पोटात दुखत होतं." काकाला तेच, शेजाऱ्यांना तेच. मुंगी शेजारी उभी राहून ऐकायची. तिचं पोट अगदी ठणठणीत होतं. चूक बापाची आणि नाव लेकीच्या पोटाचं! घरात त्यानं तिला जवळ घेतलं होतं, डोक्यावरून हात फिरवला होता, हे मी नाकारत नाही. पण चारचौघांत खरं सांगायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची.

महिन्याभरानं कागदवाला दुकानात आला. मुंगी कोपऱ्यात बसून शिलाईचा दोरा गुंडाळत होती. मी रद्दीच्या ढिगावर पडलो होतो. कागदवाल्यानं मला ओळखलं. "शेठ, तुमचं काम झालं असेल तर तेवढा पुठ्ठा द्या ना. आमच्या जुळ्यांना पुढच्या वर्षी त्याच परीक्षेला बसवायचंय. पेपरही द्या तुमचे."

बाइंडर उठला. त्यानं मला उचललं, माझ्यावरची धूळ झटकली आणि खरं सांगतो, तो मला कागदात गुंडाळायला लागला. साठ पेपरांचा गठ्ठाही त्यानं काढून ठेवला. आणखी दोन मुलं माझ्याखाली जाणार होती, आणि हा माणूस लाजेपायी जाऊ देत होता.

"काका, तो नेऊ नका," मुंगी म्हणाली. "त्यात उत्तरं तीच तीच येतात."

कागदवाला हसला. "हुशार आहे हं पोरगी. देताना हात आखडतेय." आणि त्यानं मला घ्यायला हात पुढे केला.

मुंगीनं बापाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा ती तेच वाक्य बोलली होती आणि तिसऱ्यांदा ते कुणी ऐकलं नव्हतं. बाइंडरनं माझ्याभोवती गुंडाळलेला कागद उलगडला.

"ती सांगते ते खरं आहे," बाइंडर म्हणाला. "हा पुठ्ठा मी चुकीचा वापरला. पोरीनं मला तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तिचं पोटबिट काही दुखत नव्हतं हो. तिचं वर्ष मी घालवलं."

कागदवाल्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. तो पावती घेऊन निघून गेला. मुंगी दोरा गुंडाळत राहिली, पण थोड्या वेळानं ती उठली आणि बापाच्या बाकड्यावर येऊन बसली. तो तिला म्हणाला, "ती गवंड्यांची भिंत. केवढी धरायची आपण?" आणि तिनं सांगायला सुरुवात केली.

मी अजून दुकानातच आहे. माझा राग शांत झाला का, असं विचाराल तर नाही. त्यानं खरं सांगितलं हे चांगलं केलं, पण फार उशिरा केलं. पुठ्ठे मिळतात, पेपर मिळतात, पुढच्या वर्षी दुसरी परीक्षाही असेल. पण मूल सांगायला येतं आणि ऐकणारा वर बघत नाही, असं दोन-चारदा झालं की ते मूल सांगायचं सोडून देतं. मुंगीनं सोडलं नाही, हे तिचं मोठेपण. सगळ्यांना ते जमत नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्ही सांगत राहा. आणि ही माझी हकीकत कुणी मोठं माणूस तुम्हाला वाचून दाखवत असेल, तर त्याला इथंच थांबवा. हातातलं पुस्तक खाली ठेवायला लावा आणि विचारा, "काल मी तुम्हाला काहीतरी सांगत होतो. काय सांगत होतो?"